आमचा सीझन, फ्लूचा सीझन

अप्पा बळवंत चौकात आमचं वह्या-स्टेशनरीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. आमच्या धंद्यात सीझन म्हणजे मे महिन्याचा दुसरा आठवडा ते जूनअखेर. या दीड महिन्यात आमच्या घरात बारसं ठरत नाही, साखरपुडा ठरत नाही, आणि कुणाला आजारी पडायचंच असेल तर त्याने जुलैत पडावं अशी अपेक्षा असते. मुलांना फ्लूची लस द्यायचं ठरवलं तेव्हा ती नेमकी याच दीड महिन्यावर येऊन बसेल हे मला माहीत नव्हतं. बरंच काही माहीत नव्हतं, तेच सांगतोय.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मनूला ताप आला. तेव्हा ती अडीच वर्षांची. संध्याकाळपर्यंत अंगणात पाण्यात उड्या मारत होती आणि रात्री दहाला 103. नेहमीची सर्दी हळूहळू चढते, नाक गळतं, मग खोकला, मग थोडी कणकण. हे तसं नव्हतं. बटण दाबल्यासारखं पोर आडवं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी नाकात काडी घालून नमुना घेतला, तपासणीत 'इन्फ्लुएन्झा ए' आला, म्हणजे फ्लूच. ओसेल्टामिव्हिरचं औषध सुरू झालं. ते पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर खरा उपयोग, त्यामुळे लवकर आणलंत ते बरं केलंत, असं मॅडम म्हणाल्या. आणि मग विचारलं, "फ्लूची लस दिली होती का हिला?"

मी अगदी ताठ मानेने म्हणालो, "हो. सगळ्या लसी वेळेवर झाल्यात." पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, तीन डोस, खाली बारीक अक्षरात इन्फ्लुएन्झा बी.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "हा फ्लू नव्हे हो. हा हिब. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, बी प्रकार. हा जिवाणू आहे. बाळांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करतो, त्याच्यासाठीची ही लस. फ्लू हा विषाणू. नावापलीकडे दोघांचं काही नातं नाही."

मग नाव तेच का? तर 1892 साली फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांमध्ये हा जिवाणू सापडला आणि त्याला वाटलं, हाच फ्लूचा गुन्हेगार. माणसातला खरा विषाणू हाती लागला 1933 मध्ये. तोवर जिवाणूच्या नावावर इन्फ्लुएन्झा चिकटलं ते चिकटलंच. सव्वाशे वर्षांपूर्वी लावलेलं चुकीचं लेबल, आणि त्यापायी कोथरूडमधला एक बाप दवाखान्यात ताठ मानेने खोटं बोलला. लेबलांचा धंदा करणाऱ्या माणसाला हे जरा जास्तच लागलं. नंतर मी ओळखीतल्या चार-पाच आईबापांना विचारलं. तिघांनी मला तेच कार्ड, तीच ओळ दाखवली. तुमच्याही घरी कार्ड असेल तर एकदा बघून घ्या.

मनूचा ताप पाचव्या दिवशी उतरला. त्या पाच दिवसांत तिने जे काही खाल्लं ते एका वाटीत मावलं असतं. आम्ही दोघं आलटून-पालटून जागे. तेव्हाच बायको म्हणाली, "पुढच्या वर्षी हिला ती लस द्यायची. आणि याला पण." याला म्हणजे तिच्या पोटात जो होता त्याला.

आईला काही सांगावं लागलं नाही. 2009 तिने पुण्यात काढलंय. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, 3 ऑगस्ट 2009 ला, तोही शाळेत जाणाऱ्या मुलीचा. त्यानंतर शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. लोक तोंडाला रुमाल बांधून आणि रुमालाच्या कोपऱ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी करून फिरत होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, दुपारी दुकानात बसायचो. ऑगस्टमध्ये आमच्या चौकात चिटपाखरू नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे करोनात पाहिलं, पण करोनात सगळं जगच बंद होतं. 2009 ला वाटलं होतं की हे फक्त आपल्याच गावावर आलंय. गंमत म्हणजे विषाणूंचाच अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था 1952 पासून याच गावात आहे, आणि आम्ही इथले लोक पुरचुंडी हुंगत होतो. तेव्हाचा तो विषाणू कुठे गेला नाही, ही माहिती मला मॅडमनी दिली. तोच एच1एन1 आता दरवर्षीच्या फ्लूमधला एक भिडू आहे, आणि दरवर्षीच्या लसीत त्याचं नाव असतंच.

आता लसीकडे येतो.

चिकूच्या, म्हणजे धाकट्याच्या, सगळ्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात झाल्या. फुकट आणि व्यवस्थित. मार्चमध्ये तिथल्या सिस्टरांना विचारलं, फ्लूची मिळेल का? त्या म्हणाल्या, मुलांची फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही, ती तुम्हाला खासगीतच घ्यावी लागेल. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात मात्र ती आहे: सहा महिने पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांपर्यंत, दरवर्षी. सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही. त्या काळात बाळाला जे काही संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी लस घेतली असेल तर तिच्याकडून. आम्ही ती घेतली नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर मी दोघांना घेऊन दवाखान्यात गेलो. माझा हिशोब साधा होता: सीझनच्या आधी उरकून टाकू. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "आहे ना लस, बसा." आत गेल्यावर मॅडमनी फ्रिजमधून खोकं काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं. म्हणाल्या, "ही मागच्या सीझनची आहे. दोन-तीन आठवडे थांबा, दक्षिण गोलार्धाची येईल."

आम्ही शाळांना नकाशावह्या विकतो. भारत कुठल्या गोलार्धात आहे हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. मी तसं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर. पण फ्लू नकाशा बघून येत नाही, हवा बघून येतो."

प्रकार असा आहे. फ्लूचा विषाणू सतत थोडा-थोडा बदलतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने जुळवावी लागते. पुढच्या हंगामात कोणते प्रकार असतील याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा जाहीर करते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. कारखान्यातून लस तयार होऊन यायला मग सहाएक महिने जातात. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो, त्यांना लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत मोठी लाट पावसाबरोबर, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी छोटी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे आपल्याला लस पावसाच्या आधी हवी, आणि त्या वेळी नवी-ताजी मिळते ती दक्षिणेची. मला हे लगेच पटलं. जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून आम्ही जानेवारीत वह्यांच्या ऑर्डरी देतो, तसंच हे. गेल्या वर्षीचं कव्हर असलेली वही ऐन सीझनला कोण घेतो?

दुसरी गोष्ट मात्र मला पटली नाही, निदान त्या दिवशी. दोघांनाही दोन-दोन डोस लागणार होते. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच फ्लूची लस देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन, आणि पुढच्या वर्षीपासून एकेक. एका सुईचे 1,800 रुपये. चार सुया, 7,200. मी मनातल्या मनात त्याचे लाँगबुकचे गठ्ठे केले. मॅडमनी कारण सांगितलं ते मी माझ्या भाषेत उतरवून घेतलं: नवीन शाळेत पहिल्या फेरीला फक्त नमुना दाखवायचा असतो, मुख्याध्यापक नुसती मान हलवतात. ऑर्डर पक्की होते दुसऱ्या फेरीला. एकदाच जाऊन आलात तर ते तुम्हाला विसरतात.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी नवी लस आली. दोघांची वजनं झाली, ताप नाही ना पाहिलं, अंड्याची काही ॲलर्जी आहे का विचारलं. ती असती तरी हल्ली त्यापायी सहसा लस नाकारत नाहीत, फक्त माहीत असलेलं बरं, असं मॅडम म्हणाल्या. खोक्यावर दक्षिण गोलार्ध आणि चालू साल छापलेलं होतं. मी ते स्वतः वाचून घेतलं. छापील मजकूर तपासायची सवय. लस आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येते. ती हलवून घेतात. चिकूला मांडीत दिली, मनूला दंडात. चिकू सात महिन्यांचा. सुई बाहेर आल्यावर दोन सेकंद विचार करून रडला. मनू आधीपासूनच रडत होती, त्यामुळे सुई कधी टोचली हे तिला कळलंच नाही. सगळं होऊन गेल्यावर तिने विचारलं, "आता टोचणार?"

नंतर वीस मिनिटं बाहेर बसवलं. कार्डावर लसीचा स्टिकर लावला, त्यावर बॅच नंबर. घरी चोळू नका, शेकू नका, वाटलं तर गार पाण्याची पट्टी ठेवा. पॅरासिटामॉल आधीच देऊन ठेवू नका. ताप आला, पोर किरकिरलं, तरच वजनाप्रमाणे द्या. रात्री चिकूला 100 ताप होता, सकाळी गेला. मनूने दोन दिवस डावा हात वर करून दाखवायला नकार दिला आणि त्याच हाताने आंबा खाल्ला.

त्या ताप-किरकिरीवरून सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की लसीनेच फ्लू होतो. ही सुईची लस मारलेल्या विषाणूची असते, तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही. नाकात फवारायची जी असते ती जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची. 2010 मध्ये आपल्या हडपसरच्या सीरमनेच स्वाइन फ्लूसाठी तशी एक आणली होती. हे मी काकांना लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला आणि थोड्या वेळाने दुसऱ्या ग्रुपवरचा लसूण-मधाचा काढा पाठवला.

आता माझी चूक.

दुसऱ्या डोसचा दिवस आला महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. कार्डावर तारीख कुणी लिहिलीच नव्हती. स्टिकर लावला, पुढची जागा कोरी. त्या दवाखान्यात लहान बाळांच्या लसींचे मेसेज येतात, पण फ्लूची त्यांच्या यादीत नसावी. बायकोने कॅलेंडरवर गोल केला होता म्हणून कळलं. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलेला, गोडाउनमध्ये ओल, दोन टेम्पो माल ताडपत्रीखाली उभा. मनूचं नाक वाहत होतं. बायकोने फोन केला तर काउंटरवरून उत्तर आलं, "सर्दी आहे ना? मग मोठीला पुढच्या आठवड्यात आणा." म्हणून ती चिकूला एकट्याला घेऊन गेली आणि मनूची जबाबदारी मी घेतली. "पुढच्या शनिवारी मी नेतो," असं मी म्हणालो. या वाक्याला आमच्या घरात दोन साक्षीदार आहेत.

पुढचा शनिवार कुठे गेला मला माहीत नाही. त्याच्या पुढचा पण. शाळा उघडायच्या आधीचा आठवडा असा असतो की आम्ही दुकानात जेवतो आणि घरी फक्त आंघोळीला येतो. सोळा तारखेला मनूची नर्सरी सुरू झाली. गळ्यात वॉटरबॅग, दप्तराला आमच्याच दुकानातलं लेबल. चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "बाई खोकतात, आरव खोकतो, सगळे खोकतात." बायकोने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. मी तिथेच उभ्याने दवाखान्यात फोन लावला आणि या वेळी काउंटरवर न थांबता मॅडमशी बोलायचं आहे म्हणून हट्ट धरला.

मला वाटत होतं, आता पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे एकीऐवजी दोन सुया आणि 1,800 जास्तीचे. तसं काही नाही. चार आठवडे हे कमीत कमी अंतर आहे. त्याच्या आत द्यायची नाही. उशीर झाला तर जेव्हा आठवेल तेव्हा लगेच द्यायची, पहिला डोस वाया जात नाही. वाया जातात ते मधले दिवस. आणि नुसती सर्दी असेल, ताप नसेल, तर लस थांबवायचं कारणच नव्हतं. काउंटरवरून जे सांगितलं ते चुकीचं होतं, मॅडमनी मोकळेपणाने मान्य केलं. पण तीन आठवड्यांतला एक आठवडा काउंटरचा, उरलेले दोन माझे.

दुसरा डोस शेवटी झाला तो पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या दिवशी. त्या दिवशी पेठांमधले रस्ते बंद, टेम्पो आत येत नाहीत, गिऱ्हाईक येत नाही. आम्ही दुकानासमोर वारकऱ्यांना चहा-बिस्किटं वाटतो आणि दुपारी शटर अर्धं ओढतो. सीझनमधला मला मिळालेला एकमेव रिकामा दिवस. मी भावावर चहाचं पातेलं सोपवलं आणि पेठेतून बाहेर पडायलाच पाऊण तास लागला, तो भाग वेगळा. आईही बरोबर आली. तिला साखर आहे, वय सासष्ट. मॅडम मे महिन्यातच म्हणाल्या होत्या की घरात साखरेची आजी आणि नर्सरीतली नात, म्हणजे आजीनेही घ्यायला हवी. आई तेव्हा म्हणाली होती, "मी 2009 काढलंय, मला काय होतंय." त्या दिवशी मनू खुर्चीत बसेना, तेव्हा आईने पदर सावरला, ब्लाउजची बाही वर केली आणि म्हणाली, "आधी मला द्या, हिला बघू दे." मोठ्यांना एकच डोस. मनूने अगदी जवळ जाऊन पाहिलं, आजी रडत नाही याची खात्री केली, आणि मग स्वतः रडली.

लसीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे मनूचा हिशोब जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेला. पाऊस तोवर मुरलेला. मध्ये जुलैत तिला दोन दिवस ताप आला, 101 च्या आत, खेळणं चालू होतं. मॅडम म्हणाल्या, तपासायचीही गरज नाही. काकांनी लिफ्टमध्ये विचारलंच, "काय, लस घेऊन पण ताप?" पावसाळ्यात तापाचे विषाणू काय एकच असतात? लस फक्त फ्लूची. आणि फ्लूवरही ती पूर्ण चिलखत नाही. विषाणूशी जुळून आलेल्या वर्षी धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा मला आधी कळला असता तर मी 7,200 वर नक्की घासाघीस केली असती. मॅडमना मी विचारलंही, "इतकंच?" त्या म्हणाल्या, "गेल्या ऑगस्टमधल्या पाच रात्री आठवा, आणि त्या अर्ध्या करा. आणि हेही लक्षात घ्या की ॲडमिट करायची वेळ येते ती बहुतेक लस न घेतलेल्यांवर." पाच रात्री मला चांगल्या आठवतात. सौदा महाग नाही.

एक गोष्ट राहिली. पूर्वी लस चार प्रकारांची यायची, दोन ए आणि दोन बी. त्यातला बी-यामागाता नावाचा प्रकार मार्च 2020 नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलाच नाही. सगळं जग दारं लावून बसलं आणि तो बहुधा संपलाच. म्हणून आता तीन प्रकारांची लस पुरे, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे. त्यामुळे औषधाच्या दुकानात 'चारची की तीनची' यावरून कुणी घोळ घातला तर घाबरायचं कारण नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे करोनाने जाता जाता एकाला तरी बरोबर नेलं."

दुकानात माझी एक लाल डायरी असते, ऑर्डरींची. तिच्या मागच्या पानांवर मी पुढच्या वर्षीच्या नोंदी आधीच करून ठेवतो: कोणत्या शाळेला गणवेशाच्या रंगाची कव्हरं, कुणाची उधारी. पुढच्या एप्रिलच्या पानावर, दोनशेपानी वह्यांच्या चाळीस गठ्ठ्यांच्या खाली, लिहिलंय: मनू 1, चिकू 1, आई 1. दवाखान्यात फोन करून नवीन माल आला का विचारणे.